गच्चीवर टाकी बसवण्याआधी करावयाची कागदोपत्री तयारी

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि जायकवाडी भरले म्हणून आपल्या घरातली टाकी भरतेच असे नाही, हे येथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. त्याच काळजीपोटी मी आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर, सचिवांना केवळ तोंडी विचारून, स्वतःच्या खर्चाने एक हजार लिटरची टाकी बसवली आणि तिसऱ्या मजल्यावरील घरापर्यंत स्वतंत्र पाइप आणला. महिनाभरात टाकी काढून घेण्याची नोटीस आली. सभेला जाताना मी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे शासनाने नमुना म्हणून दिलेले अंतर्गत नियम, छापून, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करून नेले होते. परंतु आमची इमारत सहकारी संस्था नव्हतीच. ती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली नोंदलेली होती आणि तिचे घोषणापत्र, म्हणजे इमारतीतील जागा आणि हक्क नोंदवणारा मूळ दस्त, मी कधीही उघडून पाहिले नव्हते. टाकी उतरवावी लागली. हीच चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी आपली इमारत कोणत्या कायद्याखाली येते ते ठरवावे. आपल्याकडे बोलताना सगळ्याच इमारतींना सोसायटी म्हणतात, फाटकावरच्या पाटीवरही तसेच रंगवलेले असते, त्यामुळे पाटीवर विसंबू नये. आपल्याजवळ भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) असेल आणि त्यावर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडील नोंदणी क्रमांक असेल, तर ती सहकारी संस्था असून तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 लागू होतो. आपल्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे सदनिकेच्या मालकीचा दस्त, नोंदवलेले असेल, तर 1970 चा कायदा लागू होतो. हा फरक नावापुरता नाही. सहकारी संस्थेत सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च सामाईक जागेतील ज्याच्या त्याच्या अविभक्त (न वाटलेल्या) हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो. सहकारी संस्थेतील वाद सहकार न्यायालयाकडे जातात, अपार्टमेंटधारकाला पूर्वी दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागत असे. एका कायद्यातील नियम घेऊन दुसऱ्या कायद्याखालील सभेत उभे राहिल्यास पुढचे कितीही मुद्दे बरोबर असले तरी ते कोणी ऐकून घेत नाही.

इमारत अपार्टमेंट असेल, तर घोषणापत्राची नोंदणीकृत नक्कल मिळवावी. बोलीत त्याला डिक्लरेशन डीड म्हणतात. पहिली चार पाने नकोत, सचिवांच्या फाइलमधील फिकट झेरॉक्स नको, बिल्डरने ताबा देताना दिलेले माहितीपत्रक तर नकोच. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयातून, प्रत्येक जोडपत्र आणि प्रत्येक नकाशा असलेली, शिक्क्याची पूर्ण नक्कल घ्यावी. दस्त क्रमांक ठाऊक नसेल तर तो बहुधा आपल्याच डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये नमूद केलेला आढळतो. या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे इमारतीचे उपविधी घोषणापत्राला जोडलेले असतात, आणि घोषणापत्रात रीतसर दुरुस्ती करून ती नोंदवल्याखेरीज उपविधींतला बदल वैध ठरत नाही. याचाच अर्थ, घोषणापत्र हाती नसेल तर आपले उपविधी कोणते हेच आपल्याला ठाऊक नसते.

घोषणापत्रात मुख्यतः काय पाहायचे, तर कोणती जागा सर्वांची सामाईक आहे आणि कोणती मर्यादित सामाईक आहे. मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणजे काही ठरावीक सदनिकांच्या वापरासाठी, इतरांना वगळून, राखून ठेवलेली जागा. माझ्या बाबतीत सगळे येथेच अडले. सभेत अध्यक्षांनी लाल कापडातून दस्त सोडला आणि शेवटच्या नकाशाचे पान माझ्यासमोर ठेवले. जिन्याच्या खोलीच्या पश्चिमेकडील गच्चीवर तिरप्या रेषा आखलेल्या होत्या आणि कडेला बारीक अक्षरांत लिहिले होते की हा भाग चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेच्या वापरासाठी राखीव आहे. माझी टाकी त्या तिरप्या रेषांच्या बरोबर मध्यभागी उभी होती. दस्ताचा मजकूर मी आधी वाचला असता, तरीही नकाशा न पाहता कदाचित हीच चूक केली असती, कारण मजकुरात केवळ जोडपत्राचा उल्लेख होता. म्हणून पुन्हा सांगतो, नकाशांसह नक्कल घ्यावी. नव्या प्रकल्पांसाठी 2016 च्या रेरा कायद्याने गच्ची आणि मोकळे पार्किंग यांची गणना सामाईक क्षेत्रात केली आहे. आमची इमारत त्याआधीची असल्याने मला त्याचा आधार घेता आला नाही.

घोषणापत्र हाती आले की असोसिएशनचा, म्हणजे सर्व अपार्टमेंट मालकांच्या संघटनेचा, अधिकार कोठवर पोहोचतो ते शांतपणे पाहावे, कारण तो अनेकांना वाटतो त्याहून एका बाजूने मोठा आणि दुसऱ्या बाजूने लहान आहे. सामाईक भागाच्या दुरुस्तीसाठी, योग्य वेळी, आपल्या घरात प्रवेश करण्याचा अधिकार असोसिएशनला कलम 6 नेच दिलेला आहे. जिन्यालगतची सामाईक पाइप गळत असेल तर दार अडवून धरता येत नाही. कलम 8 प्रमाणे इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला बाधा आणणारे अथवा तिची किंमत घटवणारे काम इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करता येत नाही. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. स्लॅब तो भार पेलू शकतो का, याचे स्ट्रक्चरल इंजिनियरचे लेखी मत आधी घ्यावे, कारण पहिला प्रश्न तोच विचारला जातो. उलट बाजूने, आपल्या अविभक्त हिश्शाची टक्केवारी केवळ समितीच्या ठरावाने बदलता येत नाही. त्यासाठी सर्व मालकांची संमती आणि घोषणापत्राची नोंदणीकृत दुरुस्ती लागते. समितीने नियम बदलल्याचे सांगितले तर ठरावाच्या वहीवर समाधान मानू नये, नोंदवलेली दुरुस्ती मागावी. ती आहे की नाही हेही घोषणापत्राच्या नकलेबरोबरच शोधून घ्यावे.

इमारत सहकारी संस्था असेल, तर घोषणापत्राच्या जागी निबंधकांनी मंजूर केलेले उपविधी घ्यावेत, आणि तेही आपल्याच संस्थेचे. शासनाचे आदर्श उपविधी आपल्या संस्थेने स्वीकारले आहेत असे गृहीत धरू नये. तेथेही उपविधींतली दुरुस्ती निबंधकांकडे नोंदल्याशिवाय लागू होत नाही. सदनिका भाड्याने दिली असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, आणि महानगरपालिका हद्दीत सदनिका दुसऱ्याच्या नावे करताना संस्था घेते तो हस्तांतरणाचा प्रीमियम पंचवीस हजार रुपयांच्या वर नेता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

महापालिकेचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि कराची पावती यांबद्दल वेगळे सांगायला नको. सिडकोच्या भाडेपट्ट्याची जमीन असेल तर भाडेपट्ट्याच्या अटीही वाचाव्यात.

मेंटेनन्स थकलेला नसावा. वाद चालू आहे म्हणून हप्ता थांबवणे, किंवा अमुक सोय आपण वापरतच नाही म्हणून तिचा खर्च नाकारणे, कायद्याला मान्य नाही; थकलेली रक्कम सदनिकेवर बोजा म्हणून राहते आणि सभेत आपल्या बोलण्याचे वजनही जाते. हिशेब आणि पावत्या पाहण्याचा अधिकार मात्र आपल्याला आहे, तो वापरावा.

त्यानंतर लेखी अर्ज द्यावा. तोंडी परवानगीला काहीही किंमत नाही. ज्या सचिवांनी मला होकार दिला होता, ते सभेत खाली मान घालून बसून होते. अर्जासोबत टाकीची जागा दाखवणारा साधा आराखडा, इंजिनियरचे मत आणि घोषणापत्रातील त्याच गच्चीच्या नकाशाची प्रत जोडावी. राखीव भागाला धक्का लागत असेल तर त्या सदनिकेच्या मालकांची लेखी संमती आधी घ्यावी, समितीकडे त्यानंतर जावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

सभेच्या दिवशी वेळेवर जावे, विषयपत्रिकेत आपला विषय आहे ना ते पाहावे, नसेल तर तो घेण्याचा आग्रह सभेच्या आधीच लेखी धरलेला असावा. बोलणे थोडके ठेवावे. निर्णय झाला की इतिवृत्ताची प्रत मागावी आणि आपल्या फाइलला लावावी. घरून निघताना घोषणापत्राची नक्कल, नकाशांसह, पिशवीत आहे का ते उघडून पाहावे. प्लंबरला आगाऊ रक्कम लेखी परवानगी हातात पडल्यावरच द्यावी.