मजकुरी ऑनलाइन खेळाच्या क्लायंटमधील बग कळवताना या चुका टाळा

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘मड’ प्रकारातील, म्हणजे अनेकांनी एकत्र केवळ मजकुरातून खेळायचे खेळ आजही टेलनेटच्या (संगणकांमध्ये मजकूर पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) जोडणीवरून खेळले जातात, आणि मडलेट किंवा टिनटिन++ यांसारखे त्यांचे मुक्तस्रोत क्लायंट (खेळाडूला खेळाच्या सर्व्हरशी जोडणारे प्रोग्राम) मुख्यतः स्वयंसेवकांच्या कष्टांवर टिकून आहेत. म्हणून बग कळवताना दोष सर्व्हरमध्ये आहे, क्लायंटमध्ये आहे की आपणच लिहिलेल्या ट्रिगर-स्क्रिप्टमध्ये (ठरावीक मजकूर दिसताच आपोआप चालणाऱ्या सूचनांमध्ये) आहे, याचा होईल तेवढा निवाडा आपण आधीच करून द्यायला हवा.

सर्रास आढळणारी चूक म्हणजे अनेक पॅकेजे (इतरांनी लिहिलेल्या स्क्रिप्टचे तयार संच) बसवलेल्या रोजच्या प्रोफाइलमध्ये (एका खेळासाठी क्लायंटमध्ये जपलेल्या मांडणीत) दिसलेली गडबड थेट क्लायंटच्या माथी मारणे. आधी नवे, रिकामे प्रोफाइल उघडावे, त्यात फक्त संशयित ट्रिगर ठेवावा आणि गडबड पुन्हा होते का ते पाहावे. ती नाहीशी झाली, तर एकेक पॅकेज परत बसवत दोषी पॅकेजपर्यंत पोहोचता येते आणि तक्रार त्याच्या लेखकाकडे करता येते. त्याच सर्व्हरला दुसऱ्या क्लायंटने जोडून पाहणेही फार उपयोगी ठरते, कारण उदाहरणार्थ मजकुराचे रंग तिथेही तसेच बिघडले, तर बहुधा सर्व्हरच चुकीचे संकेत पाठवत असतो.

‘ट्रिगर कधी चालतो, कधी चालत नाही’ एवढ्या एका वाक्याची तक्रार तर कोणालाच सोडवता येत नाही. यामागे बरेचदा प्रॉम्प्ट, म्हणजे खेळाडूची स्थिती दाखवून पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी ओळ असते. साधी ओळ नव्या ओळीच्या चिन्हाने संपते. पण ‘आरोग्य ८२, शक्ती ४० >’ असा प्रॉम्प्ट बहुधा त्या चिन्हाशिवाय येतो. सर्व्हरने टेलनेटचा ‘गो अहेड’ हा संकेत पाठवला, तर प्रॉम्प्ट संपल्याचे क्लायंटला कळते. नाही पाठवला, तर क्लायंटला थोडा वेळ थांबून अंदाज बांधावा लागतो. नेटवर्क संथ असताना हा अंदाज चुकू शकतो, पुढचा मजकूर प्रॉम्प्टला चिकटतो आणि ओळीच्या आरंभापासून जुळवणी करणारा ट्रिगर गप्प राहतो. म्हणून अशा तक्रारीत सर्व्हरचा पत्ता व पोर्ट, ट्रिगरचा प्रकार, त्याचा पॅटर्न (जुळवायचा मजकूर) अक्षरशः जसाच्या तसा, आणि तो ज्या ओळीवर चालला व ज्या ओळीवर चालला नाही अशा दोन्ही ओळी द्याव्यात. नुसता स्क्रीनशॉट इथे अपुरा पडतो, कारण ओळीच्या शेवटची रिकामी जागा आणि मजकुरात दडलेले रंगांचे एएनएसआय कोड चित्रात दिसत नाहीत. क्लायंटमध्ये कच्चा डेटा नोंदवण्याची सोय असेल, तर तीच नोंद जोडावी.

आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ असे लिहू नये, कारण तक्रार वाचली जाईपर्यंत लेटेस्ट आवृत्ती बदललेली असू शकते. नेमका क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहावी.

देवनागरीत गप्पा मारणाऱ्या खेळाडूंनी अक्षरे तुटण्याची तक्रार करताना चित्र तर द्यावेच, पण मूळ शब्दही टाइप करून द्यावा. डोळ्यांना एकच अक्षर वाटणारा ‘क्ष’ युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष अशा तीन घटकांचा असतो, आणि अक्षरे समान रुंदीच्या चौकटींत बसवणारा क्लायंट नेमका तिथे अडखळू शकतो. सोबत फॉन्टचे नाव आणि निवडलेले एन्कोडिंग (अक्षरे संगणकीय संकेतांत मांडण्याची पद्धत) लिहिले, तर शोध बराच सोपा होतो.

प्रोफाइलचे संपूर्ण फोल्डर झिप करून जोडणे ही मात्र धोक्याची चूक आहे. आपोआप लॉगिन करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असू शकतो आणि लॉगमध्ये इतर खेळाडूंचे खासगी संवाद असतात, तेव्हा तक्रारीला लागेल तेवढाच भाग कापून द्यावा. पासवर्ड चुकून बाहेर गेलाच, तर जोडलेली फाइल काढण्यावर न थांबता पासवर्ड लगेच बदलावा.