जुन्या टॉकीजची केबिन पुन्हा चालू करताना

1950 च्या दशकातली टॉकीज नाशकात पुन्हा लावायची म्हटलं की पहिला खर्च मखमलीवर आणि खुर्च्यांवर होतो. हा क्रम उलटा हवा. आधी केबिन (प्रोजेक्टरची खोली), मग पडदा आणि आवाज, खुर्च्या शेवटी.

मशीन, म्हणजे प्रोजेक्टर, दोन लागतात, शक्यतो एकाच मेकची. 35 मिमीची पट्टी सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट पळते. 2000 फुटी रीळ 22 मिनिटांत संपतं. अडीच तासांच्या चित्रपटाला साधारण 13,500 फूट, म्हणजे सात रिळं. एकाच मशीनवर खेळ चालवला तर दर 22 मिनिटांनी अंधार आणि शिट्ट्या.

मशीन घेताना मोटर लावू नका, हातानं फिरवून बघा. गेटखालच्या (गेट म्हणजे प्रकाशासमोर फ्रेम थांबते ती खिडकी) इंटरमिटंट स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टी एकेक फ्रेम ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवरून नख फिरवा. एका बाजूला नख अडकलं तर दात झिजून हुकासारखा झालाय, तो पट्टीची छिद्रं फाडणार. बुश, शाफ्ट, रोलर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपमधून चांगले करून मिळतात. माल्टीज क्रॉस (ते दातेरी चाक थांबत-थांबत फिरवणारा भाग) मात्र नेहमीच्या लेथवाल्याकडे देऊ नका. 20 फुटी पडद्यावर चित्र सुमारे 290 पट मोठं होतं, त्यामुळे फ्रेम 5 शतांश मिमी हलली तरी पडद्यावर दीड सेंटिमीटरची थरथर दिसते. क्रॉस तेलात बुडून चालतो. तेलाची पातळी काचेवरच्या खुणेपर्यंत आहे का, हे रोज पहिल्या खेळाआधी बघायचं.

लेन्स अंदाजानं घेऊ नका. तिचं माप (फोकल लेन्थ) म्हणजे मशीनपासून पडद्यापर्यंतचं अंतर गुणिले गेटच्या खिडकीची रुंदी, भागिले पडद्याची रुंदी. अंतर 100 फूट, खिडकी 0.825 इंच, पडदा 20 फूट असेल तर 4.125 इंच येतात. बाजारात 4 इंची लेन्स मिळाली तर चित्र साडेवीस फुटांच्या थोडं वर जाईल. तेवढी जागा काळ्या मास्किंगच्या (पडद्याभोवतीच्या काळ्या कापडी चौकटीच्या) आत ठेवा. पडदा छिद्रांचाच हवा, कारण स्पीकर त्याच्या मागे असतात. त्याला साधा ऑइल पेंट कधीही मारू नका. छिद्रं बुजली की संवादातले 'स' आणि 'श' आधी गायब होतात.

आता कार्बन. मशीनचा दिवा म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधला विजेचा आर्क. त्याला डीसी लागतो, म्हणून एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर हवा. 7 मिमी पॉझिटिव्ह आणि 6 मिमी निगेटिव्ह कांड्यांच्या जोडीला साधारण 42 ते 50 अँपिअर. पोलॅरिटी उलटी जोडली तर प्रकाश देणारा खळगा पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्हला पडतो आणि प्रकाश मरतो. नाशकात खरी पंचाईत पावसाळ्यात होते. सर्दावलेला कार्बन फुसफुसतो, ठिणग्या उडवतो आणि त्यावरच्या मुलाम्याचं तांबं प्रकाश पुढे फेकणाऱ्या आरशावर उडून बारीक खड्डे पाडतं. कांड्या आदल्या खेळाच्या वेळी तापलेल्या लॅम्पहाउसवर (आर्कच्या पेटीवर) ठेवून वाळवा. आर्क पेटवताना आरशापुढची झडप बंदच असू द्या. तापलेल्या आरशाला ओलं फडकं लावलं तर तो तडकतो. धुराचं नळकांडं छताबाहेर काढलेलं हवं. तो धूर रोज छातीत घेण्यासारखा नाही.

पट्टी लावण्यापूर्वी ती हुंगा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर पट्टीचं अॅसिटेट (प्लॅस्टिक) सडायला लागलंय. मग 100 छिद्रांची लांबी मोजा: नव्या पट्टीत ती 475 मिमी असते. 470 च्या आसपास आली तर मशीनवर चढवू नका. कडेला 'नायट्रेट' छापलेलं दिसलं तर केबिनमध्ये आणूच नका. ती पेटली की हवेशिवायही जळते, पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. फाळक्यांच्या गावात अशी पट्टी माळ्यावर निघाली तर भंगारात घालायची नसते.

आवाज चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापलेला असतो, म्हणून गेटखालचा लूप (पट्टीचा सैल वळसा) मापातच हवा. तो चुकला की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. स्पीकरमधून घुंऽऽ येत असेल तर मोटर थांबवा. गुणगुण थांबली तर पट्टी बाजूला सरकलीय आणि फोटोसेल (पट्टीवरचा आवाज प्रकाशातून वाचणारा भाग) छिद्रं 'ऐकतोय': फ्रेमला चार छिद्रं, सेकंदाला 96. गाइड रोलर सरकवून ती जागेवर आणा. मोटर बंद करूनही गुणगुण चालू राहिली तर दोष अॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये.

चेंजओव्हरला, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना, डोळा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवा. रीळ संपत आलं की तिथे ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर बदल. लीडरवरचा (चित्राआधीच्या आकडे छापलेल्या पट्टीवरचा) 9 आकडा गेटमध्ये ठेवून सुरुवात करा. पडद्यावर आकडे दिसले तर पुढच्या वेळी लहान आकड्यावर लावा. नव्या रिळाची सुरुवात कापली गेली तर मोठ्या. प्रत्येक मोटरचा उठाव वेगळा, त्यामुळे दोन्ही मशीनचे आकडे वेगवेगळे लिहून भिंतीवर चिकटवा. रीळ बदललं की गेटचे बूट (फिल्म दाबून धरणारे भाग) पितळी पट्टीनं खरवडा. स्क्रूड्रायव्हर लावला की चरा पडलाच, आणि तो पुढच्या प्रत्येक प्रिंटवर उभी रेघ ओढत राहतो.

खुर्च्यांना बिडाचे पाय असतील तर ठेवा, लाकडी बैठकीवर काथ्या आणि रेक्झिन चढवा. नुसत्या लाकडी खुर्च्यांच्या टॉकीजमध्ये दुपारच्या रिकाम्या खेळाला आवाज घुमतो. गादी रिकाम्या जागीही थोडा आवाज शोषते. पाठीपासून पाठीपर्यंत 36 इंच ठेवा. बोल्टखाली रबरी वॉशर नसेल तर पंधरा दिवसांत खुर्च्या कुरकुरतात. आणि जुना काथ्या पुन्हा वापरायचा मोह टाळा, बाहेर नेऊन जाळा. ढेकूण तिथेच असतात.