ओरिस रूट आणि वेखंड एकच समजताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे उटण्याचं सामान आणायला सुरुवात होते, आणि दरवर्षी कोणीतरी एक पांढरट वाळका तुकडा घेऊन येतं, हे वेखंडच ना विचारायला. गेल्या वर्षी माझ्या जाऊबाईंनी मशीद बंदरच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंड म्हणून आणलेलं ते ओरिस रूट निघालं, म्हणजे आयरिस नावाच्या फुलझाडाचा कंद, युनानीवाले त्याला ईरसा किंवा बेख-ए-सोसन म्हणतात. उटण्यात पडलं असतं तर एकवेळ ठीक, पण त्या तर नातवाच्या बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळायला बसल्या होत्या! माझ्या पोटात गोळाच आला.

ओळखायचं कसं ते सांगते. वेखंड तपकिरी, पेरं-पेरं असलेलं, त्यावर मुळांच्या खुणा, आणि तोडलं की उग्र वास नाकात जातो. ओरिस सोललेलं असतं, टणक, खडूसारखं पांढरट, वास मंद आणि गोडसर, जुन्या फेस पावडरचा डबा उघडल्यासारखा. पावडर केली की डोळ्यांना काही कळत नाही म्हणून अख्खे तुकडेच घ्या. आणि खरं वेखंड असलं तरी बाळाला द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, अमेरिकेत 1968 पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे.

दुसरी चूक म्हणजे "बॉम्बे सफायर जिनमध्ये पण ओरिस असतं, मग खाल्लं तर काय होतं" हे लॉजिक. अहो, तिथे ते वाळवलेलं, थोडंसं, आणि दारूची वाफ त्यातून जाते, चमचाभर पावडर कोणी गिळत नाही. ताजा कंद तर अजिबात नको, त्याच्या रसाने कातडीची आग होते, पोटात गेला तर उलट्या-जुलाब. होमिओपॅथीत आयरिस व्हर्सिकलर नावाचं औषध आहे ते वाचून मायग्रेनसाठी कंद चघळणारे पण भेटलेत, ते आयरिस वेगळं आणि त्या गोळ्यांत कंद नावापुरताच.

आता धंद्याचं. साबण, अत्तर बनवणाऱ्या मैत्रिणी स्वस्तात "आयरिस ऑइल" मिळालं म्हणून खूश होतात. जरा विचार करा, इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास हे झाड तीनेक वर्षं वाढवतात, मग कंद सोलून वाळवून आणखी 3 ते 5 वर्षं ठेवतात, कारण ताज्या कंदाला तो वास नसतोच, तो वास देणारे आयरोन नावाचे घटक हळूहळू तयार होतात. एवढं करून एक टन वाळक्या कंदातून साधारण 2 किलो अर्क निघतो, आणि तो लोण्यासारखा घट्ट असतो, म्हणूनच त्याला ओरिस बटर म्हणतात! पातळ आणि स्वस्त असेल तर बहुतेक ते सिंथेटिक किंवा पातळ केलेलं. वापरा की, 1893 मध्ये टीमान आणि क्र्युगर या रसायनशास्त्रज्ञांनी हाच वास शोधता शोधता आयोनोन हे कृत्रिम सुगंधी द्रव्य बनवलं, तेव्हापासून सगळं जग वापरतंय, फक्त गिऱ्हाइकाला नॅचरल म्हणून विकू नका.

ऑनलाइन कंद मागवून बाल्कनीत लावताय? त्याला कडाक्याची थंडी लागते, मुंबईत फुलत नाही आणि जुलैच्या पावसात सडतो.

उटण्यात ओरिस घालत असाल तर कमीच घाला, चाळताना मास्क लावा, पूर्वी फेस पावडरमध्ये ते असायचं तेव्हा कित्येकांना शिंका आणि रॅश यायचे. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा, आणि पाकिटावर ओरिस रूट असं स्पष्ट लिहा, नुसतं "सुगंधी मुळी" नको.