जुन्या पिकअपच्या छताला अस्तर लावण्याआधीची तयारी

जुन्या पिकअप ट्रकच्या केबिनमध्ये छताचे अस्तर, म्हणजेच हेडलायनर, बसवण्याचे प्रत्यक्ष काम फार वेळ घेत नाही. वेळ जातो तो त्याआधीच्या कामांत. अस्तर एकदा चढले की त्यामागचा पत्रा, तारा आणि सांधे पुन्हा सहजासहजी दिसत नाहीत, म्हणून जे झाकले जाणार आहे ते सारे आधी तपासून घ्यावे.

आपल्या केबिनमध्ये मुळात कोणत्या पद्धतीचे अस्तर होते, हे सर्वांत आधी निश्चित करावे. काही गाड्यांत जाड पुठ्ठ्याचे किंवा हार्डबोर्डचे तुकडे धातूच्या पट्ट्यांनी छताला धरून ठेवलेले असतात, काहींत कापड अथवा रेक्झिन तारेच्या कमानींवर ताणून बसवलेले असते, तर नंतरच्या काळातील काही गाड्यांत साच्यातून काढलेले प्लास्टिकचे अखंड छत असते. १९४७ ते १९५५ या काळातील शेवरले पिकअप पहिल्या प्रकारात मोडतात, पण त्यांतही मागच्या कोपऱ्यांत वळलेल्या काचा असलेली पाच खिडक्यांची केबिन आणि त्या नसलेली तीन खिडक्यांची केबिन असे दोन प्रकार असल्याने केवळ वर्ष सांगून संच मागवणे पुरेसे नाही. साध्या कामासाठी विकलेल्या कित्येक ट्रकांना अस्तर नव्हतेच. आपली गाडी तशी असेल, तर पट्ट्यांसाठी लागणारी छिद्रे छताच्या कडेच्या चौकटीत आहेत की नाहीत, हे संच मागवण्याआधी पाहावे.

बॅटरीची ऋण तार सोडल्याशिवाय केबिनमधील दिव्याला हात लावू नये. आसन बाहेर काढावे, कारण ते आत ठेवून मान वर करून काम करणे म्हणजे विनाकारण घेतलेली शिक्षा आहे. सनव्हायझर, आरसा आणि पट्ट्या उतरवताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू ज्या पट्टीचे असतील त्या पट्टीलाच टेपने चिकटवून ठेवावेत. कमानी असतील तर त्यांना पुढून मागे क्रमांक द्यावेत आणि कोणते टोक कोणत्या भोकात होते तेही लिहून ठेवावे. दिसायला त्या सारख्या वाटतात, परंतु प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. जुने अस्तर कितीही फाटलेले असले तरी नवे बसून पूर्ण होईपर्यंत टाकून देऊ नये, कारण मापासाठी त्याच्याइतका भरवशाचा नमुना दुसरा नाही.

आता पत्रा. जुन्या अस्तराच्या वर बहुधा कुजलेला नमदा आणि क्वचित उंदरांचे घरटे सापडते. ते ओलसर करून, मुखपट्टी आणि हातमोजे घालून काढावे. त्या काळच्या आवाजरोधक थरांत अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे कोरडे खरवडणे किंवा साध्या व्हॅक्युमने ओढणे टाळावे आणि शंका असल्यास नमुना तपासून घ्यावा. त्यानंतर बाहेरून छतावर, पन्हळीवर आणि काचेच्या रबरावर पाण्याची नळी सोडून आत दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन बसवावे. जिथे थेंब उतरतो तिथे सांधा साफ करून सीलंट भरावे, गंज मोकळ्या धातूपर्यंत घासून प्रायमर व रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट वाळलेल्या रंगावर चिकटवलेला थर रंगासकट सुटून येतो. पुठ्ठ्याच्या अस्तराला तर गळतीची एक बारीक धारही पुरते, कारण ओल लागलेला पुठ्ठा फुगतो, आणि वाळल्यावर पूर्वीच्या आकारात परत येत नाही.

छताला आवाजरोधक पत्रे आणि उष्णतारोधक फोम लावायचा असेल तर जाडी आधी मोजावी. कमानी किंवा बोर्ड आणि छत यांच्यात जेवढी फट आहे, तिच्याहून जाड फोम लावल्यास अस्तर खाली फुगते आणि पट्ट्या जागेवर बसत नाहीत. पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोमच निवडावा. चिकटपदार्थ उष्णता सहन करणारा असावा, कारण उन्हात उभ्या गाडीचे छत हाताला चटका बसेल इतके तापते आणि साधा स्प्रे तिथे टिकत नाही. दिव्याची तार नवी टाकायची असेल, रेडिओ किंवा दुसऱ्या दिव्यासाठी जादा तार न्यायची असेल, तर ती याच वेळी ओढून तिच्या टोकाला चिठ्ठी बांधावी.

काचा आणि अस्तर यांचा क्रम गाडीनुसार बदलतो. अस्तराची कड काचेच्या रबराखाली दबत असेल तर अस्तर आधी आणि काच नंतर. दाराच्या चौकटीवरची कापडी गोटही पट्टीखाली धरली जात असेल, तर ती आधीच हाताशी हवी.

साहित्यात धारदार सुरी आणि तिची जादा पाती, टोचा, पोलादी मोजपट्टी, मास्किंग टेप, दहा-बारा पकडचिमटे, गरम हवेची बंदूक आणि पत्रा पुसण्यासाठी अल्कोहोल एवढे पुरते. स्क्रूंबाबत मात्र हयगय नको. मूळ स्क्रू हरवला म्हणून हाताला लागेल तो लांब स्क्रू फिरवला की त्याचे टोक आतून छताच्या पत्र्याला लागते आणि बाहेरच्या नव्या रंगावर एक फोड उठतो. हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा मोजल्याशिवाय स्क्रू लावत नाही.

नवे अस्तर घडीतून काढून एक दिवस उबदार जागी सपाट पसरावे, म्हणजे रेक्झिनच्या घड्या सैल पडतात. बोर्ड वळवणे अवघड जात असेल तर त्याची मागची बाजू ओल्या फडक्याने किंचित दमट करावी, भिजवू मात्र नये. पुढच्या आणि मागच्या चौकटीचा मध्य तसेच अस्तराचा मध्य खडूने आखावा आणि दोन माणसांनी, कोणताही चिकटपदार्थ न लावता, सर्व पट्ट्यांसह एक कोरडी जोडणी करून पाहावी. पट्ट्यांची छिद्रे टोच्याने अस्तरातून शोधावीत. जादा कापड या टप्प्यावर कापू नये, आणि दिव्याचे भोक सर्वांत शेवटी, अस्तर ताणून कडा पक्क्या झाल्यावरच पाडावे.