उद्या 10 ते 4 लाइट नाही: गेमिंग लॅपटॉपची रात्रीची तयारी

घणसोलीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या 10 ते 4 लाइट नाही’ हा निरोप रात्री साडेनवाच्या आधी कधी येत नाही. पाणी भरा, मोबाइल आणि पॉवरबँक चार्जला लावा, हे सांगायला मी कशाला हवी? ही यादी गेमिंग लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्यांसाठी आहे. गेल्या वेळी माझ्या लॅपटॉपने पावणेबाराला मान टाकली. आईचा शेरा, “एवढा विटेसारखा जड, आणि दोन तासपण नाही?”

पहिलं काम, रात्रीचा खेळ संपला की ग्राफिक्स मोड बदला. खेळताना आपण तो ‘डिस्क्रीट’वर टाकतो. मग पडदा थेट गेमसाठीच्या वेगळ्या, मोठ्या ग्राफिक्स कार्डावर चालतो, आणि तुम्ही नुसतं एक्सेल उघडून बसलात तरी ते कार्ड जागंच राहतं. ‘हायब्रिड’ केलं की प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स काम सांभाळतं आणि मोठं झोपतं. कंपनीगणिक नावं वेगळी, भानगड हीच. मी हायब्रिड केलं होतं हो! पण त्यानंतर एक खिडकी येते: रीस्टार्ट आत्ता की नंतर? मी ‘नंतर’ दाबलं, झाकण लावलं आणि झोपले. रीस्टार्ट होईपर्यंत काहीही बदलत नाही. म्हणून ‘आत्ता’ दाबा. पंधरा टॅब उघडे असले तरी दाबा.

मग खात्री करा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून खाली बघा. जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप. जीपीयू 0 आणि जीपीयू 1 असे दोन दिसले तर ठीक. एकच, तोही मोठा, दिसत असेल तर तुम्ही रीस्टार्ट केलेलं नाही. परत करा.

दुसरं, चार्जिंगची मर्यादा. बॅटरी लवकर म्हातारी होऊ नये म्हणून ती 80 टक्क्यांवर अडवलेली असते, रोजच्यासाठी ते बरोबरच आहे. फक्त आज रात्री ती 100 करा. बॅटरीत मुळात किती जीव उरलाय तेही एकदा बघून ठेवा: कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाका. फाइल कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. माझी बॅटरी नवी असताना 80 वॉट-अवरची होती, रिपोर्टात 66 निघाली. त्याचे 80 टक्के म्हणजे जेमतेम 53. मोठं कार्ड जागं असताना माझा लॅपटॉप साधारण 30 वॉट ओढतो. दहाला सुरू, पावणेबाराला खलास. हिशेब अगदी चोख लागला. पूर्ण 66 असती आणि 11-12 वॉटमध्ये भागवलं असतं तर साडेपाच तास निघाले असते. ते भागतं फक्त कार्ड झोपलेलं असेल तर, आणि ते झोपतं रीस्टार्टनंतर. कळलं ना?

झोपलेलं कार्ड परत उठवणारी मंडळीही असतात. मॉनिटरची एचडीएमआय केबल काढा. कित्येक लॅपटॉपांत ते भोक थेट मोठ्या कार्डालाच जोडलेलं असतं. गेमचे लाँचर आणि हलणारे वॉलपेपर बंद करा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये डेस्कटॉप मेन्यूतून जीपीयू ॲक्टिव्हिटीचं चिन्ह सुरू केलं की कोण कार्ड वापरतंय त्याची नावं दिसतात. मला तिथे एक चॅटचं ॲप सापडलं. कशाला हवं होतं त्याला ग्राफिक्स कार्ड, देव जाणे.

पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, 165 हर्ट्झवरून 60 वर. ब्राइटनेस कमी. कीबोर्डचे रंगीत दिवे बंद, दिवसाढवळ्या दिवाळी नको. पॉवर मोड सर्वांत काटकसरीचा. बॅटरी सेव्हर पहिल्या मिनिटापासून, 20 टक्के उरल्यावर नाही.

राउटर लाइटबरोबरच जातो. त्याचा छोटा यूपीएस नसेल तर मोबाइल हॉटस्पॉट. व्हिडिओ मीटिंग फोनवरूनच करा, लॅपटॉपवर ती फार खाते. जेवायला उठताना झाकण लावून ‘स्लीप’वर विसंबू नका, काही लॅपटॉप आत जागेच असतात आणि तापतात. हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. आणि ‘एकच मॅच’ अजिबात नाही. बॅटरीवर खेळ रखडतो आणि तासाभरात सगळं संपतं.

सकाळी पावणेदहाला, प्लग लावलेला असतानाच, टास्क मॅनेजर पुन्हा उघडा. दोन जीपीयू दिसतायत? नसतील तर अजून पंधरा मिनिटं आहेत, रीस्टार्ट मारा.

चारला लाइट आली की लगेच प्लग लावू नका, आमच्याकडे ती एकदोनदा येऊन परत जाते. मर्यादा पुन्हा 80 वर.