फौजेतून घरी आलेल्या माणसाला काउन्सेलिंगला कसं न्यायचं

आमचे हे 17 वर्षं नोकरी करून पेन्शनवर आले तेव्हा वय 37, आणि गावात सगळे म्हणाले, मेजर, आता आराम करा. कसला आराम! पहाटे 4 ला उठून दाढी करून, बूट चमकवून पायरीवर बसायचे आणि जायचं कुठंच नसायचं. एसटीत कायम शेवटची सीट, पाठीमागं कोणी नको. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की घामाघूम.

तुमच्याकडं असंच चालू असेल तर "मानसिक" हा शब्द काढूच नका, फौजी माणूस तिथंच उठून जातो. झोपेपासून सुरुवात करा, "झोप लागत नाही ना, एकदा दाखवून येऊ" एवढंच. ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन त्यांच्या पॉलिक्लिनिकला जायचं, डॉक्टरना झोप, स्वप्नं, चिडचिड, पिणं सगळं खरं सांगायचं (आमच्यात मीच सांगितलं, हे भिंतीकडं बघत बसलेले) आणि सायकियाट्रिस्टचं रेफरल मागायचं. कार्ड झालं नसेल तर थांबू नका, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. आणि उपचार घेतले म्हणून पेन्शन बंद होत नाही, ही भीती खूप जणांना असते.

पहिल्या 2-3 वेळा ते गप्पच बसतील, बसू द्या. चांगला थेरपिस्ट आल्या आल्या बॉर्डरवरचं विचारत नाही, आधी झोप, श्वास, दिवसाचं टाइमटेबल, मग माणूस जे टाळतो ते थोडं थोडं करायला लावतो. ह्यांना पहिलं होमवर्क होतं आठवडी बाजारात फक्त दहा मिनिटं उभं राहायचं. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला आणि हातात मेथीची जुडी, देठ मुठीत चेंगरून काळे पडलेले. मी काही विचारलं नाही, मेथी निवडायला घेतली, तर हे समोर बसून निवडू लागले.

गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे जातात, मधेच बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारूही डॉक्टरला विचारूनच सोडवा, एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं.

आणि घरात लायसन्सची बंदूक असेल, आपल्यात गनमनची नोकरी करणारे खूप आहेत, आणि ते मरणाबिरणाचं बोलत असतील, तर त्याच दिवशी ती घराबाहेर काढा, पोलीस स्टेशनला जमा करता येते, आणि त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका.