कापसाचा भाव कोण पाडतं? दोन तासिकांचं वर्गनाट्य (इयत्ता ९वी ते ११वी)

जागतिक विकास शिकवताना नकाशावर 'विकसित' आणि 'विकसनशील' असे दोन रंग भरले की धडा संपतो, पण भाव कसा पडतो आणि तो पाडणारे नियम बदलणं इतकं अवघड का, हे मुलांना कळत नाही. त्यासाठी जागतिक व्यापार संघटनेची सप्टेंबर २००३ मधली मेक्सिकोच्या कानकूनची परिषद उत्तम. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी तिथे मागणी केली होती, की श्रीमंत देशांनी कापसावरची अनुदानं तीन वर्षांत बंद करावीत आणि तोवर आम्हाला भरपाई द्यावी. २००१-०२ मध्ये अमेरिकेने सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांसाठी जवळपास ३ अब्ज डॉलर खर्च केले होते. त्याच हंगामात जागतिक भाव पौंडामागे ४० सेंटच्या आसपास घसरला होता.

गट (४८ मुलांसाठी)

आफ्रिकेतले चार देश १२ (प्रत्येकी ३), अमेरिका ६, युरोपीय संघ ५, ब्राझील ५, चीन ६, भारत ८ (४ शेतकरी, ४ गिरणीमालक), अध्यक्ष आणि सचिवालय ३, पत्रकार ३. वर्ग ६० चा असेल तर पत्रकार आणि भारताचा गट वाढवा, आफ्रिकेचा नको. त्या गटात बसून राहणारी मुलं सगळ्यात लवकर कंटाळतात.

पहिली तासिका: बाजार

खोट्या नोटा छापू नका, सुटे करण्यातच तास जातो. पाठकोऱ्या कागदाच्या सौदा-चिठ्ठ्या पुरतात: किती गाठी, काय भाव, दोघांच्या सह्या. चिठ्ठी सचिवालयाकडे जमा झाली की सौदा पक्का. युरोपचा गट या तासाला फळ्यावर भाव लिहितो.

गाठी आणि प्रत्येक गाठीचा उत्पादनखर्च असा (आकडे खेळापुरते):
- आफ्रिकेचे चार देश: मिळून १० गाठी, खर्च ४५
- ब्राझील: ८ गाठी, खर्च ५०
- भारतीय शेतकरी: ६ गाठी, खर्च ५०
- अमेरिका: २० गाठी, खर्च ७०

चीनला २० गाठी हव्यात, भारतीय गिरण्यांना ६. गाठीमागे ७५ च्या वर कोणी द्यायचं नाही. खर्चाचा आकडा फक्त त्या त्या गटाच्या कार्डावर असावा. तो दुसऱ्यांना कळला की घासाघीसच होत नाही.

पहिली फेरी ८ मिनिटांची, अनुदानाशिवाय. नियम एकच: खर्चाच्या खाली विकायचं नाही. अमेरिकेच्या ज्या गाठी विकल्या गेल्या नाहीत त्या पेरल्याच नव्हत्या असं धरा. हा नियम विसरलात तर अमेरिकेचा गट उरलेला माल मिळेल त्या भावाने काढतो, पहिल्याच फेरीत भाव कोसळतो आणि तुलना करायला काही उरत नाही. मागणी २६ गाठी आणि स्वस्त माल २४, त्यामुळे भाव चढतो. शेवटचे सौदे ७० च्या जवळ जातात.

दुसऱ्या फेरीत अमेरिकेला २० च्या २० गाठींवर प्रत्येकी ३५ अनुदान द्या. पाकीट सगळ्यांसमोर द्या, गुपचूप नको. आता ३५ ला विकूनही अमेरिकेचा खर्च निघतो. बाकीच्यांची खर्चाखाली न विकण्याची अट काढा, कारण माल घरात येऊन पडलाय आणि कर्ज फेडायचंय. ४४ गाठी, मागणी तीच २६. भाव ४० किंवा त्याच्याही खाली येतो.

शेवटची १० मिनिटं फळ्यावरच्या हिशेबासाठी राखून ठेवा. आफ्रिकेच्या दहाही गाठी पहिल्या फेरीत सरासरी ६५ ला गेल्या तर ६५० वजा ४५०, म्हणजे २०० नफा. दुसऱ्या फेरीत ३८ ला गेल्या तर ७० तोटा. मालाचा दर्जा तोच, मेहनतही तेवढीच. भारताचा हिशेब मात्र एका ओळीत मांडू नका. गिरण्या खूश, शेतकरी बुडालेला. त्या वर्षांत आपल्या गिरण्या खरोखरच परदेशी कापूस आणत होत्या. 'भारताचा फायदा झाला का?' या प्रश्नावर गटात भांडण लागलं तर लागू द्या.

दुसरी तासिका: परिषद

कार्डावर प्रत्येक गटाची एक मागणी आणि एक अडचण, एवढंच लिहा. चारही आफ्रिकी देशांना अनुदानबंदी आणि भरपाई हवी. अडचण अशी, की बेनिन सोडला तर तिघांना समुद्रकिनारा नाही, आणि 'दुसरं पीक घ्या' हा सल्ला त्यांना मान्य नाही. अमेरिका म्हणते, कापूस वेगळा काढू नका, कृत्रिम धाग्यांसकट एकत्र बोलू. युरोपला गुंतवणूक, स्पर्धा, सरकारी खरेदी आणि व्यापारसुलभता हे 'सिंगापूर मुद्दे' चर्चेत हवेत, आणि त्याचे स्वतःचे ग्रीस-स्पेनमधले कापूस उत्पादकही अनुदानावर आहेत. भारताचा सिंगापूर मुद्द्यांना विरोध. शेतमालावरचं आयातशुल्कही राखायचंय. ब्राझीलने २००२ मध्येच कापसाच्या अनुदानांवरून अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली आहे. चीन २००१ च्या डिसेंबरात सदस्य झालाय आणि फार बोलत नाही.

वेळ अशी: निवेदनं प्रत्येकी २ मिनिटं, मग १० मिनिटं खासगी बोलणी, अध्यक्षांचा मसुदा ३ मिनिटं, दुरुस्त्या ५, निर्णय ३. बोलण्यांच्या वेळी मुलांना जागेवरून उठू द्या. खरी देवघेव तिथेच होते. मतदान घ्यायचं नाही. निर्णय सहमतीने, म्हणजे एकाही देशाने हरकत घेतली तर मसुदा पडला. मुलं हटकून 'बहुमत घ्या ना सर' म्हणतात. ऐकू नका.

सोंगं नकोत: चेहऱ्याला रंग नाही, आफ्रिकी म्हणून वेडेवाकडे उच्चार नाहीत. हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तासाला सांगितलंत तर तोवर कोणीतरी हसं करून मोकळा झालेला असतो. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे अमेरिकेचा गट खलनायक बनून बसतो. त्यांच्या कार्डावर लिहा: 'तुमचा शेतकरीही कर्जात आहे, आणि तो मतदार आहे.'

नंतरची चर्चा

आधी खरं काय झालं ते सांगा. १४ सप्टेंबरला परिषद कराराविना संपली. ती फिसकटली सिंगापूर मुद्द्यांवर. कापसाचा प्रश्न तसाच राहिला. ब्राझील त्या तक्रारीचा खटला जिंकला आणि २०१४ मध्ये अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेऊन वाद मिटला. चाड आणि बेनिन त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष होते, त्यातले पैसे त्यांना मिळाले नाहीत. २०१५ मध्ये नैरोबीत कापसाची निर्यात अनुदानं बंद करायचं ठरलं. देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न मात्र तिथेही सुटला नाही.

मग खेळाची मर्यादा सांगा, हे टाळू नका. आपण भाव एकाच कारणाने पाडला. प्रत्यक्षात भरघोस पीक, चीनमधले साठे आणि पॉलिएस्टरची स्पर्धाही होती, त्यामुळे अनुदानाचा वाटा खेळात दिसतो त्यापेक्षा कमी होता. हे न सांगता सोडलंत तर मुलं चुकीचं अर्थशास्त्र घेऊन घरी जातात.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या वर्गात एक प्रश्न येणारच: 'सर, आपला हमीभाव पण अनुदानच ना?' उत्तर सरळ द्या. हो, जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबात हमीभावाने केलेली खरेदी देशांतर्गत सहाय्यातच मोजली जाते. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना (कापूस फक्त सरकारलाच विकायचा) होती, तिचा तोटाही सरकारच्या गळ्यात पडला होता. मग फरक कुठे, रकमेत, शेतकऱ्यांच्या संख्येत, की तो माल दुसऱ्याच्या बाजारात जाऊन पडतो का यात? हे मुलांकडूनच काढून घ्या.

गृहपाठाला प्रत्येकाने दोन्ही फेऱ्यांचे आकडे वापरून एका पानात आपल्याच गटाविरुद्धची बाजू मांडावी. गुण आकड्यांच्या वापराला द्या, भाषणबाजीला नको.